लारझाक : मालक नसलेली जमीन

फ्रान्सच्या दक्षिणेला, आव्हेरों आणि एरो या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर लारझाक नावाचे चुनखडीचे विस्तीर्ण पठार आहे आणि त्या पठारावर ला ब्लाकियेर नावाची मोजक्या घरांची एक वाडी आहे. मी मोंपेलियेला राहायला आल्यापासून या भागात अधूनमधून जातो. मियो शहराजवळचा प्रसिद्ध पूल, तिथले चीज आणि मध्ययुगीन तटबंदीची गावे यांविषयी पर्यटकांनी भरपूर लिहिले आहे, म्हणून त्यात आणखी भर घालण्याचा माझा विचार नाही. मला लिहायचे आहे ते या पठारावरच्या जमिनीविषयी, ती कोणाची आहे आणि कोण कसतो याविषयी, कारण त्या प्रश्नाचे जे उत्तर इथल्या मेंढपाळांनी काढले ते मला युरोपात इतरत्र आढळले नाही, आणि त्या उत्तराचा एक धागा थेट वर्ध्यापर्यंत जातो.

मोंपेलियेहून उत्तरेला निघालेला महामार्ग लोदेव्ह मागे टाकून एस्कालेतचा घाट चढू लागतो आणि घाटमाथ्यावर पोहोचताच द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे आणि भूमध्य समुद्राकडचा उबदारपणा एकदम नाहीसा होतो. समोर पसरते ते ६०० ते ९०० मीटर उंचीवरचे, वाऱ्याने झोडपलेले माळरान. रत्नागिरीचे सडे ज्यांनी उन्हाळ्यात पाहिले आहेत त्यांना हा उजाडपणा परका वाटणार नाही. फरक इतकाच, की तिथला दगड तांबडा जांभा आहे आणि इथला पांढुरका चुनखडक. गवत बुटके आणि चिवट असते, त्यात थाइमचा वास असतो, मधूनमधून जुनिपरची झुडपे असतात, आणि जमिनीला चिकटून फुलणारे कार्दाबेल नावाचे मोठे काटेरी फूल असते. हे फूल हवेत ओल वाढली की मिटते, म्हणून पूर्वी लोक ते दारावर ठोकून ठेवत आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधत. आता ते फूल तोडण्यावर निर्बंध आहेत, तरी जुन्या दारांवर वाळलेली फुले अजून दिसतात.

पाऊस इथे कमी पडतो असे नाही, पण पडलेले पाणी थांबत नाही. चुनखडकाच्या भेगांतून ते खाली झिरपते, पठाराच्या पोटातल्या गुहांतून वाहते आणि शेकडो मीटर खाली, दऱ्यांच्या पायथ्याशी, मोठ्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नाँ गावाजवळचा द्युर्झोंचा झरा हा त्यांतला सर्वांत ठळक. वर मात्र ना ओढा, ना नदी. त्यामुळे माणसांसाठी घरांच्या छपरांवरचे पाणी टाक्यांत साठवायचे आणि मेंढ्यांसाठी माळावर उथळ, गोल, दगडी फरसबंदीची तळी बांधायची, ही इथली जुनी रीत. या तळ्यांना तिथे लाव्होन्य म्हणतात. ला कुव्हर्त्वाराद गावाच्या तटाबाहेरचे असे तळे फार देखणे आहे आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. परंतु कळप उतरून पाणी पिऊ शकेल असा त्याचा हलका उतार आणि फरशीचा जोड पाहिला, की ते बांधणाऱ्याने सौंदर्यापेक्षा मेंढीच्या खुरांचा विचार केला होता हे लक्षात येते. लाकडाची टंचाई असल्याने घरे आणि मेंढवाडे दगडी कमानींवर तोललेले असतात आणि छपरांवरही चुनखडकाच्या फरश्याच रचलेल्या असतात. शेती म्हणावी अशी जमीन फक्त खोलगट भागांत सापडते, जिथे शतकानुशतके तांबडी माती साचली आहे. तिथे सातू, ओट आणि लसूणघास घेतात, तोही मुख्यत्वे जनावरांच्या हिवाळी वैरणीसाठी.

एवढ्या वर्णनावरून या पठारावर मेंढीखेरीज दुसरे काही जगणार नाही हे उघड व्हावे. लाकोन जातीची मेंढी इथल्या अर्थकारणाचा कणा आहे. मेंढ्या हिवाळ्याच्या तोंडाशी विऊ लागतात, कोकरे महिनाभर आईपाशी राहतात, ती वेगळी झाली की दिवसातून दोनदा धार काढायची आणि उन्हाळ्यात दूध आटेपर्यंत ते चीज बनवणाऱ्या डेअऱ्यांना घालायचे, असे चक्र चालते. या कच्च्या, न तापवलेल्या दुधाचे चीज रोकफोर-स्युर-सुलझों या गावी नेऊन कोंबालू कड्याच्या पोटातल्या तळघरांत मुरवतात. तो कडा प्राचीन काळी ढासळला, आणि त्याच्या ढिगाऱ्यातल्या भेगांतून थंड दमट वारा बारा महिने वाहत राहतो. त्या वाऱ्यावरच चीजमधली निळसर बुरशी पोसली जाते. किमान ९० दिवस झाल्याखेरीज त्या चीजला रोकफोर हे नाव लावता येत नाही. १९२५ साली फ्रान्समध्ये प्रथमच एका चीजच्या नावाला कायद्याने भौगोलिक संरक्षण मिळाले, ते याच चीजला. कोकरे लवकर विकावी लागत, त्यांची कोवळी कातडी मियो शहरात जात, आणि त्यामुळे मियो हातमोज्यांसाठी नावाजले गेले. म्हणजे पॅरिसमधल्या एखाद्या बाईच्या हातातला मऊ मोजा आणि ताटातला चीजचा तुकडा ही दोन्ही एकाच मेंढीची देणगी असे.

आता मुद्द्याकडे येतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ला काव्हालरी गावाशेजारी लष्कराचा सराव तळ होता, सुमारे ३,००० हेक्टरांचा. ऑक्टोबर १९७१ मध्ये संरक्षणमंत्री मिशेल देब्रे यांनी तो १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवण्याचा निर्णय जाहीर केला. शेतकऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच कोणाला सुचला नव्हता. त्याच्या आधीच त्या खात्याच्या एका राज्यमंत्र्याने सांगून टाकले होते, की पठारावर थोडेसे शेतकरी कशीबशी मेंढरे पाळत जवळजवळ मध्ययुगातल्यासारखे जगत आहेत. हे विधान शेतकऱ्यांना विस्तारापेक्षाही अधिक झोंबले असावे, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी नुकतेच कर्ज काढून धार काढण्याची यंत्रे बसवली होती, ट्रॅक्टर घेतले होते, पडीक माळ साफ करून वैरणीखाली आणला होता. बहुतेक जण धार्मिक कॅथलिक घरांतले, मतदानात उजवीकडे झुकणारे, सरकारवर विश्वास ठेवणारे होते. आंदोलन करण्याची त्यांना सवय नव्हती आणि फारशी इच्छाही नव्हती.

या टप्प्यावर शांतिदास पठारावर आले. युरोपात ते लांझा देल व्हास्तो या नावाने ओळखले जात. १९०१ मध्ये दक्षिण इटलीत एका खानदानी घरात त्यांचा जन्म झाला होता. १९३७ मध्ये ते वर्ध्याला गांधीजींना भेटले, शेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, काही महिने राहिले, सूत कातायला शिकले आणि गांधीजींनी दिलेले शांतिदास हे नाव घेऊन युरोपात परतले. १९५४ मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि भूदान यात्रेत विनोबांबरोबर चालले. फ्रान्समध्ये त्यांनी आश्रमासारखे एक समाजजीवन उभे केले, ज्यात लोक एकत्र शेती करत, चरखा चालवत, अहिंसेचे व्रत घेत. १९६३ पासून या मंडळींचे मुख्य ठाणे एरो जिल्ह्यातल्या ला बोरी नोबल येथे होते, लारझाकहून फार लांब नाही. १९७२ च्या मार्चमध्ये, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, सत्तरी ओलांडलेल्या या पांढऱ्या दाढीच्या माणसाने ला काव्हालरी येथे १५ दिवसांचे उपोषण केले. शेतकरी पाळीपाळीने एकेक दिवस त्यांच्याबरोबर उपवासाला बसू लागले आणि दोन बिशपही येऊन बसले. कॅथलिक शेतकऱ्याला मोर्चा परका असला तरी उपवास परका नव्हता, हे शांतिदासांनी नेमके ओळखले होते. ते उपोषण चालू असतानाच, २८ मार्च १९७२ रोजी, १०३ शेतकऱ्यांनी आपली जमीन लष्कराला न विकण्याची लेखी शपथ घेतली.

पुढची दहा वर्षे फ्रान्समध्ये पुष्कळांना तोंडपाठ आहेत, त्यामुळे ती मी भराभर सांगतो. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये ६० मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चरायला सोडण्यात आल्या. जानेवारी १९७३ मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीकडे निघाले, त्यांना ऑर्लेआँ येथे अडवण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पठारावर देशभरातून हजारोंच्या संख्येने लोक जमले आणि त्यांत बेझांसोंच्या घड्याळ कारखान्यात संघर्ष करणारे कामगारही होते. पुढच्या वर्षीचा मेळावा त्याहून मोठा झाला, आणि त्यात पिकाचे उत्पन्न तिसऱ्या जगातल्या भुकेल्यांसाठी देण्यात आले. १९७८ च्या अखेरीस शेतकरी लारझाकहून पॅरिसपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पायी चालत गेले. या सगळ्या काळात माओवादी, शांततावादी, विद्यार्थी, केसाळ तरुण अशी नाना तऱ्हेची मंडळी पाठिंब्याला आली. तरीही निर्णय फक्त शपथ घेतलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून घ्यायचा हा नियम त्यांनी सोडला नाही. मला त्यांची सर्वांत मोठी चतुराई यात दिसते. बाहेरून आलेल्या पाठीराख्यांनी आंदोलन गिळून टाकल्याची उदाहरणे जगात कमी नाहीत.

ला ब्लाकियेरचा मेंढवाडा याच काळातला. विस्ताराच्या हद्दीत नवे बांधकाम करायला परवानगी मिळणे शक्य नव्हते, म्हणून जून १९७३ मध्ये परवानगीविनाच पायाचा दगड बसवला गेला. लष्करी खर्चाचा निषेध म्हणून अनेक फ्रेंच नागरिकांनी आपल्या आयकरातले ३ टक्के सरकारला न भरता लारझाकला पाठवले होते आणि त्या पैशांतून साहित्य आले. मजूर म्हणून देशोदेशींचे स्वयंसेवक सुट्टीत येऊन राबले. ही इमारत आजही वापरात आहे. ती पाहायला जाणाऱ्याला प्रथम थोडी निराशा वाटण्याचा संभव आहे, कारण स्मारक म्हणून काही भव्य दिसत नाही. एक भक्कम, कमानदार, मोठा दगडी मेंढवाडा दिसतो आणि शेणाचा, सुक्या गवताचा वास येतो. परंतु बंद दालनात ठेवलेल्या वस्तूपेक्षा मेंढ्यांनी भरलेला वाडा हेच त्या आंदोलनाचे खरे म्हणणे होते. याच वाडीत मार्च १९७५ मध्ये एका आंदोलक शेतकऱ्याच्या घरात रात्री स्फोट घडवण्यात आला. घर उद्ध्वस्त झाले. मुलाबाळांसह आत झोपलेले कुटुंब दैवयोगानेच वाचले. त्यानंतरही आंदोलन अहिंसकच राहिले, आणि शांतिदासांचे उपोषण तिथे किती खोल रुजले होते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

१० मे १९८१ रोजी फ्रांस्वा मितराँ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि जूनच्या आरंभी विस्ताराची योजना रद्द झाली. शांतिदास मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते.

बहुतेक लेख इथे संपतात, आणि माझ्या मते लारझाकची खरी गोष्ट इथून सुरू होते. दहा वर्षांत लष्कराने शपथ न घेतलेल्या मालकांकडून, विशेषतः पठारावर न राहणाऱ्यांकडून, सुमारे ६,३०० हेक्टर जमीन विकत घेतलेली होती. ती आता सरकारी मालकीची होती आणि तिचे काय करायचे हा प्रश्न उरला. सोपा मार्ग सर्वांना दिसत होता : ती शेतकऱ्यांना विकून टाकायची. ज्यांनी एवढा लढा दिला त्यांना सातबारा मिळावा, यात कोणाला काही गैर वाटले नसते. महाराष्ट्रात आपण तेच केले. १९४८ चा कूळकायदा आणि त्यानुसार आलेला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांचा अर्थच कूळ मालक होणे असा होता. लारझाकच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे चर्चा करून वेगळा रस्ता धरला. त्यांनी एक सामाईक संस्था स्थापन केली आणि १९८५ मध्ये सरकारने ती सगळी जमीन, घरे आणि मेंढवाड्यांसह, ६० वर्षांच्या दीर्घ भाडेपट्ट्याने त्या संस्थेकडे सोपवली. २०१३ मध्ये हा पट्टा २०८३ पर्यंत वाढवण्यात आला. संस्था ती जमीन शेतकऱ्यांना कसायला देते, पण निवृत्तीपर्यंतच. पट्टा वारसाने मुलाकडे जात नाही, विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही.

कसेल त्याची जमीन, ही आपली घोषणा. लारझाकमध्ये ती अधिक काटेकोरपणे पाळली गेली, असे म्हणायला हरकत नाही, कारण आपल्याकडे कसणारा एकदा मालक झाला की पुढे त्याने कसले नाही तरी जमीन त्याचीच राहते आणि शहराच्या सीमेवर असली तर तिचे काय होते ते पुणे-नाशिकच्या आसपास कोणीही पाहू शकतो. लारझाकमध्ये कसणे थांबले की हक्क थांबतो. शांतिदासांचे भूदान यात्रेतले चालणे आणि ही व्यवस्था यांच्यात थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. फ्रेंच कायदा, शेतकरी संघटनांची चर्चा आणि त्या काळचे डावे विचार यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण जमीन ही विकायची वस्तू नसून वापरायची आहे हा विचार घेऊन वर्ध्याहून परतलेला माणूस याच लोकांबरोबर उपाशी बसला होता आणि १९७४ मध्ये लष्कराने विकत घेतलेल्या ले त्र्युएल या शेतात घुसून ते कसू लागणारेही त्याच्याच आश्रमातले होते, एवढे तर खरेच आहे.

या व्यवस्थेचा परिणाम नजरेस पडतो. फ्रान्सच्या खेड्यांत शेत रिकामे झाले की ते शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घशात जाते आणि घर सुट्टीपुरते येणाऱ्या शहरी माणसाला विकले जाते. हिवाळ्यात अशा गावांतून फिरताना एकामागून एक बंद खिडक्या दिसतात. लारझाकवर संस्था जमीन एकत्र होऊ देत नाही आणि घर शेतापासून तोडू देत नाही. शेत रिकामे झाले की नवा शेतकरी शोधला जातो, आणि त्याच्यापाशी जमीन विकत घेण्याचे भांडवल असावे लागत नाही. त्यामुळे शहरांतून आलेली तरुण जोडपी तिथे टिकली, काहींनी रोकफोरला दूध घालण्याऐवजी स्वतःचे चीज, मांस, मध, बिअर यांचा जोडधंदा उभा केला. उन्हाळ्यात मोंत्रदों या वाडीत संध्याकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे माल विकणाराच तो पिकवणारा असतो. याच मोंत्रदोंचे जोझे बोव्हे १९९९ मध्ये जगभर गाजले. युरोपने हार्मोन दिलेल्या गोमांसावर बंदी घातल्याचा सूड म्हणून अमेरिकेने रोकफोरवर १०० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मियोमध्ये बांधकाम चालू असलेल्या मॅकडोनाल्डचे उपाहारगृह खोलून काढले. प्रसारमाध्यमांना ती गंमत वाटली. मेंढीच्या दुधावर जगणाऱ्या माणसाला वॉशिंग्टनमधला शुल्काचा निर्णय किती जवळून लागतो, हे त्या चित्रांत फारसे आले नाही.

पठाराच्या कडांवर गिधाडे घिरट्या घालताना दिसतात हेही सांगायला हवे. या परिसरातून नाहीशी झालेली ग्रिफन गिधाडे १९८१ पासून जवळच्या जोंत नदीच्या दरीत पुन्हा सोडण्यात आली. मेलेली मेंढी ठराविक जागी ठेवण्याची शेतकऱ्यांना कायदेशीर मुभा आहे आणि गिधाडे काही तासांत तिचा फडशा पाडतात. जनावरांच्या औषधातील डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडे कशी संपवली हे ठाऊक असलेल्या माणसाला ते दृश्य पाहून हेवा वाटतो. लांडगा मात्र शेतकऱ्यांना मुळीच नको आहे. तो स्वतःहून परत आला आहे आणि उघड्या माळावर चरणाऱ्या कळपांसाठी कुत्री व कुंपणे यांचा खर्च कोणी सोसायचा यावर कडाक्याचे वाद चालू आहेत. २०११ मध्ये या प्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले ते पशुपालनाने घडवलेल्या भूदृश्यासाठी, त्यामुळे मेंढ्या माळावरून हटल्या तर वारसाही हटेल, असा शेतकऱ्यांचा बिनतोड युक्तिवाद आहे.

लष्करी तळ अजूनही तिथेच आहे, मूळच्या ३,००० हेक्टरांवर, आणि २०१६ पासून त्यात फ्रेंच लष्करातल्याच परदेशी सैनिकांच्या दलाची (फॉरेन लीजनची) एक तुकडी राहते. ला काव्हालरीच्या दुकानदारांना त्याचा आनंद आहे, कारण शाळेत मुले वाढली आणि घरे भाड्याने गेली. जुन्या आंदोलकांना तो नाही. दोन्ही बाजूंचे लोक एकाच बेकरीतून पाव घेतात.

व्यवस्थेची किंमत मात्र सर्वांत जास्त मोजतात ते तिचे शिल्पकारच. ज्या पिढीने १९७० च्या दशकात ओसाड घरे ताब्यात घेतली, छपरे शाकारली, मेंढवाडे दुरुस्त केले, तिला निवृत्तीनंतर स्वतःच ठरवलेल्या नियमानुसार ती घरे सोडावी लागतात, कारण नव्या शेतकऱ्याला शेतावरच राहायला जागा हवी. केलेल्या सुधारणांचे मोल नवा शेतकरी जुन्याला देतो, पण ते वापराच्या किमतीने, बाजारभावाने नव्हे. म्हणजे मियोचा पूल झाल्यानंतर वाढलेल्या घरांच्या भावांचा त्यात लाभ नाही. काहींनी आधीपासून पठाराखालच्या गावांत छोटे घर पाहून ठेवले, काहींना अखेरपर्यंत ते जमले नाही आणि बैठकींत कटुता आली. नियम सैल करावा अशी सूचना वेळोवेळी येते. एकदा एक अपवाद केला तर पुढच्या प्रत्येकाला करावा लागेल, असे तिला उत्तर दिले जाते, आणि हे उत्तर देणाऱ्यांत स्वतः घर सोडलेली माणसेही असतात.